प्रार्थना होत नाही, म्हणजे विश्वास संपला का?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडते. आठ महिने डायलिसिस करून मार्चमध्ये तुमचे वडील गेले. मंडळीने उपास धरले, साखळी प्रार्थना केली, तरी गेले. मे महिन्यात तुमची नोकरी सुटली. आता प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही आणि रविवारी गाणं सुरू झालं की तुम्ही बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहता. घरसभेत मंडळीच्या एका पंचांनी (कारभाऱ्यांनी) चारचौघांत सांगितलं, "विश्वास कमी पडतोय." पत्नी म्हणते, डॉक्टरांना दाखवू. तुम्हाला वाटतं, ख्रिस्ती माणसाने मनाच्या गोळ्या घेणं म्हणजे हार मानणं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "आशा कुठून आणू?"

मी १७ वर्षं नर्स होते, त्यानंतर १४ वर्षं एका मिशन हॉस्पिटलात चॅप्लेन, आजाऱ्यांना धीर देणारी धर्मसेविका. म्हणजे आधी सलाइन लावत होते, मग त्याच खाटांशेजारी स्टूल ओढून बसायला लागले. धर्मशास्त्राची पदवी नंतर घेतली, पण जे लिहितेय त्यातलं बरंचसं वॉर्डातलं आहे. त्यामुळे पंडिती उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

मला वाटतं तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. आशा कुठून आणू, हा एक. आणि त्याच्या पोटातला दुसरा असा की मला आशा वाटत नाही, म्हणजे देवाच्या वहीतून माझं नाव खोडलं गेलं का? पहिल्याला वेळ लागेल. दुसऱ्याचं उत्तर आजच देता येतं आणि ते "नाही" असं आहे. का, ते पुढे सांगते.

त्याआधी एक गोष्ट विचारून घेते, आडपडदा न ठेवता, कारण वॉर्डात मी ती सगळ्यांनाच विचारायचे. जगूच नये, असं मनात येतं का? "वडिलांबरोबर मीही गेलो असतो तर बरं" इतपत, की कसं, कधी, इथपर्यंत विचार जातो? येत असेल तर पुढचं वाचायचं सोडा. आज रात्री पत्नीला तेवढं एक वाक्य सांगा. तिला सांगणं जड वाटत असेल तर १४४१६ वर फोन लावा. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं आणि घाबरण्यासारखं त्यात काही नाही. असा विचार मनात येणं म्हणजे पाप घडलं असं समजू नका. एलीया संदेष्ट्याच्या मनात तो आला होता, आणि शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, त्याबद्दल त्याला एका शब्दानेही कोणी रागावलेलं नाही.

एलीयापाशी थोडं थांबते, कारण नर्सच्या नजरेने वाचलं की ही गोष्ट वेगळीच दिसते. 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटतो, बैर-शेब्याला नोकराला सोडतो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. आता बघा देव काय करतो. प्रवचन देत नाही. "तुझा विश्वास कुठे गेला?" असंही विचारत नाही. झोपू देतो. मग देवदूत हात लावून उठवतो, "ऊठ, खा." उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. दुसऱ्यांदा तसंच, आणि या वेळी वर एक वाक्य, की वाट तुला झेपणार नाही. इतकंच. होरेबाचा डोंगर, वारा, भूकंप, अग्नी, देव मंद वाणीत बोलतो तो प्रसंग, हे सगळं चाळीस दिवसांनंतरचं आहे. आम्ही प्रवचनात थेट मंद वाणीवर उडी मारतो आणि भाकर विसरतो.

म्हणून पहिला सल्ला तुमच्या पत्नीचाच: डॉक्टरांना दाखवा. तुम्ही लिहिलंय की पहाटे तीनला जाग येते ती येतेच, सहा किलो वजन उतरलंय, कशातच लक्ष लागत नाही आणि हे चार महिने चाललंय. माणूस गेल्याचं दुःख असतंच, त्याला औषध नसतं आणि असूही नये. पण दुःख लाटांसारखं येतं. मध्येच एखादी आठवण निघून हसू येतं, पोराचं काही कौतुक वाटतं, चहा गोड लागतो. लाटा थांबून सगळंच एका राखाडी रंगाचं झालं, दोन आठवड्यांहून जास्त तसंच राहिलं आणि झोप-भूक-काम यांवर बसलं, की आम्ही डिप्रेशनचा विचार करतो. ते आहे की नाही हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, पंच तर नाहीच नाही. आधी साध्या फिजिशियनकडे जा, थायरॉइड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन बघून घ्या. या चारांतलं काही बिघडलं तरी माणूस असाच ओढल्यासारखा होतो. मग गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. एक, या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पहिल्या आठवड्यात मळमळेल, "काही उपयोग नाही" वाटेल आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी म्हणेल, टाकून दे, प्रभूवर भरवसा ठेव. टाकू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नका. दोन, हार वगैरे काही नसते हो. तुमचे वडील आठ महिने आठवड्यातून दोनदा मशीनला जोडले जायचे, तेव्हा त्यांचा विश्वास कमी आहे असं तुम्हाला वाटलं होतं का? प्रेषित पौल कलस्सैकरांना लिहितो तेव्हा "प्रिय वैद्य लूक" म्हणून सलाम कळवतो. ज्या माणसाने आपल्याला उधळ्या पुत्राची गोष्ट दिली तो डॉक्टर होता.

आता ते "विश्वास कमी पडतोय." हे वाक्य मला फार वर्षं छळतंय, कारण त्याचंच एक भावंड मी स्वतः वापरलंय. चॅप्लेन होऊन मला दुसरं वर्ष होतं. बालरुग्ण विभागात नऊ वर्षांचं पोर डेंग्यूने गेलं. आई ऊसतोडीच्या टोळीतली, खाटेच्या लोखंडी दांडीला धरून जमिनीवर बसलेली. मी गेले, शास्त्र उघडलं आणि रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचला, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. बाईंनी पदर तोंडावर ओढला. मग आमच्या वॉर्डातल्या मावशींना म्हणाल्या, "त्या बाईंना जायला सांगा." मी दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. मावशी फतकल मारून तिच्याशेजारी बसल्या होत्या, तिचे सुटलेले केस त्यांनी हातानेच विंचरले, अंबाडा बांधून दिला, स्टीलच्या पेल्यातून दोन घोट पाणी पाजलं. एक शब्द नाही. मावशी ख्रिस्ती नव्हत्या. शास्त्रात सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते. त्यांनी केलेलं तेवढंच काम धड होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. त्या दिवशी मला कळलं की मी आठव्या दिवसापासून सुरुवात केली होती.

वचन खोटं नव्हतं. ते त्या वेळी, त्या बाईला, माझ्या तोंडून सांगण्याचं नव्हतं.

आणि विश्वास कमी पडला म्हणून वडील गेले हा हिशेब शास्त्राला धरून नाही. गेथशेमानेत प्रभू येशू स्वतः म्हणतो, माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे. शिष्यांना म्हणतो, जागे राहा माझ्याबरोबर. प्याला टळो अशी प्रार्थना करतो आणि प्याला टळत नाही. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं का? पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा तसाच राहिला. तुमच्या पंचांना हे सगळं पाठ असेल. माझा अनुभव असा, की असं बोलणारी माणसं बहुतेक वेळा दुष्ट नसतात, घाबरलेली असतात. एवढी उपास-प्रार्थना करूनही माणूस गेला, हे त्यांनाही पचलेलं नसतं. कोणाच्या तरी माथी कारण मारलं की देवाबद्दलचा अवघड प्रश्न टळतो. म्हणून त्यांच्यावर राग धरा असं म्हणत नाही, पण त्यांचं वाक्य घरी घेऊन येऊ नका.

प्रार्थना होत नाही, त्याबद्दल. आपल्या मंडळ्यांमध्ये प्रार्थना म्हणजे अस्खलित बोलणं, असा एक समज बसलाय. "हे सर्वसमर्थ दयाळू पित्या" पासून सुरू करून दहा मिनिटं न अडखळता. ज्याला ते जमतं तो आध्यात्मिक. पण स्तोत्रसंहितेची दीडशे स्तोत्रं काढून बसा. त्यात एक तृतीयांशाहून जास्त गाऱ्हाणी आहेत: किती वेळ, हे परमेश्वरा? तू का लपतोस? बहुतेक गाऱ्हाणी शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं मात्र वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. मला ते स्तोत्र फार आवडतं, हे ऐकून लोक चमकतात. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांना ते गाळता आलं असतं, शेवटी एखादी आशेची ओळ चिकटवता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. म्हणजे अंधारात येऊन थांबलेली प्रार्थनासुद्धा प्रार्थनाच धरली गेली, आणि देवळात गायली गेली. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी काय आलं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. स्वतःचे शब्द सुचण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाने लहानपणी पाठ केलेली ओळ धरली. तुम्हालाही शब्द सुचत नसतील तर उसने घ्या.

तेही जमत नसेल तर रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं काय असतं ते रात्रपाळी केलेल्या माणसाला विचारा. दोन वाजता वॉर्डात दिवे मंद असतात, कोण कण्हतंय ते आवाजावरून कळतं, आणि नर्स उठून जाते. पेशंटने व्याकरणशुद्ध वाक्यात तक्रार करेपर्यंत ती थांबत नाही.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ज्याला वेळ लागतो ते. आशा कुठून आणायची? इथे माझं मत थोडं आडवं आहे. आशा ही आधी वाटायची आणि मग तिच्या जोरावर काही करायची गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. मी जी माणसं पाहिली, त्यांच्यात बहुधा उलटं झालं. काहीतरी छोटं केलं, न वाटता केलं, आणि वाटणं मागून आलं. काहींना ते पुष्कळ मागून आलं.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय यासाठी वाचा. आपल्याकडच्या माणसाला तो चटकन कळतो, कारण त्यात जमिनीचा व्यवहार आहे. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि कैदेत आहे ते शहर पडणार असं सांगितल्याबद्दलच. तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत तू घे, घ्यायचा हक्क तुझा आहे. विचार करा, वेढ्याच्या वेळी जमिनीचा भाव काय असेल! भावकीतला माणूस गळ्यात मारतोय हे कोणालाही कळेल. यिर्मया ते घेतो. सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. आपला लेखक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाने सांगितलंय.

लोक इथे अध्याय बंद करतात. पुढे वाचा. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेत सरळ म्हणतो की बघ, वेढ्याचे मोर्चे भिंतीला भिडलेत, शहर खास्द्यांच्या (बाबेलवाल्यांच्या) हाती गेल्यात जमा आहे, आणि तू मला सांगतोस शेत घे, साक्षीदार कर! म्हणजे सही केली तेव्हा त्याला पटलेलं नव्हतं. आशा वाटत नव्हती, खरेदीखत मात्र झालं होतं. आणि त्या शेतात त्याने कधी नांगर घातल्याचं शास्त्रात कुठे आढळत नाही. शहर पडलं, पुढे उरलेले लोक त्याला मिसरात घेऊन गेले.

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं देते. लोक त्यांचं संस्कृत आणि कलकत्त्यातला मान सांगतात, मला त्यांच्या घरचे मृत्यू आठवतात. दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण डोळ्यांदेखत भुकेने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच १८८२ मध्ये पती गेले, हातात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यावरून इकडे केवढं वादळ उठलं. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला माळरानाची जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडं लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि भुकेने मरणाऱ्या शेकडो मुली-बायका केडगावला घेऊन आली. ज्या भुकेने आपलं घर खाल्लं तिच्याच तोंडातून. १९२१ मध्ये चाळीस वर्षांची मनोरमाही गेली. शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी तरी सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्यांना आतून रोज काय वाटत होतं ते मला ठाऊक नाही. पण विहीर खणणं हे खरेदीखतच आहे.

तुमचं शेत कोणतं, हे मी सांगू शकत नाही, ते परिस्थितीवर आहे. घरात किती पैसे आहेत, मुलं केवढी, आई तुमच्याकडे आहे की गावी, यावर. पण आकाराबद्दल सांगते: आठवड्याला एक, आणि इतकं लहान की लाज वाटावी. एका पेशंटला मी फक्त दाढी करायला सांगितलं होतं, दर बुधवारी. वडिलांच्या डायलिसिसच्या फायली अजून टेबलावरच असतील, तर त्या एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवणं. किंवा मुलाच्या शाळेची पुढच्या सत्राची वही-पुस्तकं आणणं. पुढच्या काळासाठी केलेलं काहीही चालेल.

पैशांबद्दलही बोलायला हवं, कारण आशेने हप्ता फेडला जात नाही. नोकरी गेली हे बँकेत जाऊन स्वतः सांगा, हप्ते थकायच्या आधी. मुदत वाढवून मिळते का विचारा. सावकाराकडे जाऊ नका. आणि सभेत कोणी "विश्वासाचं बी म्हणून इतकी रक्कम पेर, दुप्पट उगवेल" असं म्हणालं तर हात खिशातच ठेवा. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन बारक्या नाण्यांची, गोष्ट सांगतील. त्याच्या आधीचीच ओळ त्यांना दाखवा, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयीची.

यापुढचं एकट्याने करायचं नाही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारातून शिरता येईना म्हणून छप्पर उसकटतात आणि त्याला खाली सोडतात. तिथे लिहिलंय, "त्यांचा विश्वास पाहून." त्यांचा. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाची कोणी चौकशी केलेली नाही.

आमच्या गावी एक निवृत्त मास्तर होते. बायको गेल्यावर त्यांनी चर्च सोडलं नाही, पण मला म्हणाले, "बाई, एक करा. मला सभेत साक्ष द्यायला, देवाने माझं काय केलं ते सांगायला, उभं करू नका." आम्ही तिघं-चौघं दर गुरुवारी संध्याकाळी सहाला त्यांच्याकडे जायला लागलो. चहा, मग प्रभूची प्रार्थना, मग घरी. मास्तर डोळे मिटून बसायचे, ओठ हलायचे नाहीत. आम्ही त्यांना म्हणायला लावलं नाही. ती प्रार्थना "हे आमच्या" अशी सुरू होते, "हे माझ्या" अशी नाही, तेव्हा एक जण गप्प असला तरी चालतं. चौथ्या आठवड्यात त्यांच्या मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. अकराव्या की बाराव्या गुरुवारी पावसामुळे मी घाईत होते आणि एक ओळ गाळून पुढे गेले. मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "आमची रोजची भाकर राहिली." मग त्यांनीच ती ओळ म्हटली, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत सगळी. गोळ्यांनी किती झालं, गुरुवारांनी किती, आणि नुसता काळ गेल्याने किती, याचा हिशेब मी मांडत बसले नाही. मास्तर नंतरही कधी साक्ष द्यायला उभे राहिले नाहीत.

तुमच्याकडे असे दोन लोक शोधा. पंच नकोत. पाळक समजूतदार असतील तर त्यांना स्पष्ट सांगा: मला सल्ला नको, माझ्या घरी येऊन माझ्याऐवजी प्रार्थना म्हणा. कॅथलिक असाल तर फादरांना सांगा, वडिलांसाठी मिस्सा ठेवा, तुम्ही नुसते बसा. तिथे शब्द आधीच लिहिलेले असतात, आणि खचलेल्या माणसाला त्याचा केवढा आधार होतो ते मी प्रोटेस्टंट असूनही पाहिलंय.

शेवटची गोष्ट पुनरुत्थानाची, कारण ती नसेल तर वरचं सगळं नुसतं समुपदेशन होईल. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. अंत्यविधीच्या वेळी हे वचन "रडू नका" अशा अर्थाने वापरतात. तसं त्यात नाही. खेद करा, पण ज्यांना सगळं संपलं असं वाटतं त्यांच्यासारखा नको, एवढंच आहे. मेलेल्या लाजराला पाच मिनिटांत उठवायचं हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. आणि अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे आठवा. कबर रिकामी आहे ही बातमी त्यांच्या कानावर आलेली होती, तरी ते यरुशलेमेकडे पाठ करून चालले होते आणि बरोबर चालणाऱ्याला सांगत होते, "आमची आशा होती की..." होती. भूतकाळ. उठलेला प्रभू त्यांच्याशेजारी चालतोय आणि त्यांना ओळखू येत नाही. तो त्यांना आधी बोलू देतो, सगळं ऐकून घेतो, मग मंदबुद्धी म्हणून चांगलं सुनावतोही, आणि संध्याकाळ झाल्यावर घरात जाऊन भाकर मोडतो. तेव्हा त्यांचे डोळे उघडले. माझा विश्वास या गोष्टीवर टिकलाय, कारण ते उलट दिशेने चालले होते तरी तो त्यांच्याच वाटेने चालला.

तुमचे वडील तुम्हाला परत भेटतील असं मी मानते. पण आज ते तुम्हाला वाटलंच पाहिजे, असा आग्रह धरणार नाही. आज तुमच्या वतीने मी मानते, तेवढं पुरे.

या आठवड्यात इतकंच करा. सोमवारी डॉक्टरांची वेळ घ्या, जाताना पत्नीला बरोबर न्या, पहाटेची जाग आणि वजन या दोन गोष्टी विसरू नका. एका माणसाला गुरुवारचं सांगा. रविवारी गाणं सुरू झालं की बाहेर जाऊन उभे राहिलात तरी हरकत नाही, फक्त चपला घालू नका. आणि रक्त तपासणीचं काय आलं ते कळवा.